चंद्राच्या नांवाचें मूलद्रव्य



इ. स. १८१७ मध्यें स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना गंधकाम्लाच्या कारखान्यांतील तांबूस गाळांत एक नवें मूलद्रव्य सांपडलें. त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका मूलद्रव्यास पृथ्वीवरून टेल्युरियम हें नांव पूर्वींच मिळालें होतें; म्हणून यास ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून सेलेनियम म्हणण्यांत आलें. नांव सार्थ ठरलें; कारण चंद्राप्रमाणें यालाहि शुक्ल व कृष्ण असे दोन पक्ष आहेत.

प्रथम ओळख झाली ती कृष्णपक्षाची. अमेरिकेतील डाकोटा प्रांतांत गुरांचे केंस झडत व खूर गळत; चाऱ्यांतील सेलेनियम हें त्याचें कारण होय, असें १९३० नंतर सिद्ध झालें. पुढें १९५७ सालीं श्वार्झ व फोल्ट्झ यांनीं दाखविलें कीं, याच विषाचा लेशमात्र अंश दिल्यास विशिष्ट निकृष्ट आहारावरील उंदरांचें यकृत नासण्यापासून वांचतें. चीनमधील केशान परगण्यांत जमिनींतच हें द्रव्य अपुरें. तेथें मुलें व तरुण स्त्रिया हृद्रोगानें दगावत. सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर तो रोग ओसरला.

हा लेश शरीरांत करतो तरी काय? गंधकाची जागा घेऊन तो सेलेनोसिस्टीन नांवाचें अमिनो आम्ल बनवितो. आणि पेशींना अपायकारक अशा पेरॉक्साइडांचा नाश करणाऱ्या विकरांत तें जाऊन बसतें.

मासळींत याचें आणखी एक रूप आढळतें. २०१० मध्यें जपानी संशोधकांना ब्लूफिन ट्यूनाच्या रक्तांत सेलेनोनीन हें संयुग मिळालें. ट्यूनाच्या जातीस आपल्या कोंकणांत कुपा म्हणतात. असे मोठे शिकारी मासे लहान माशांबरोबर पाराहि गिळतात. सेलेनियमची पाऱ्याशीं जवळीक फार. वृद्ध देवमासे व डॉल्फिन यांच्या यकृतांत दोहोंच्या संयोगानें न विरघळणारे कण बनतात व पाऱ्याचा उपद्रव मंदावतो. उत्तर कॅनडांतील इन्युइट लोक बेलुगा देवमाशाची कातडी आवडीनें खातात. त्यांच्या रक्तांतहि सेलेनोनीन विपुल आढळलें आहे.

तेव्हां मासळींतील पाऱ्याचें भय संपलें काय? तसें नाहीं. पाऱ्यास बांधतांना सेलेनियम स्वतःहि अडकून पडतें, आणि मेंदूच्या वांट्याला तितकें कमी येतें. गर्भस्थ बालकाचा मेंदू तर फारच कोमल. यासाठीं गर्भवतीनें मोरी व मोठा कुपा टाळून मांदेली, तारली, बांगडा अशी मासळी घ्यावी.

मात्र गोळ्यांच्या मागें लागूं नये. प्रौढ माणसास दिवसाला सुमारें ५५ मायक्रोग्राम पुरेत. ४०० ही वरची मर्यादा. ती नित्य ओलांडल्यास केंस व नखें गळण्याचा संभव असतो. पोषण व विष यांमधील हें अंतर मोहरीच्या दाण्याहूनहि लहान आहे. तें मोजण्याचें काम वैद्यांवर सोंपवावें, हेंच बरें.