रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी



साहित्याच्या व्याख्यानमालेत पोट, शीण आणि झोप यांवर बोलायला डॉक्टर उभा राहिला, याचे काहींना नवल वाटले असेल. विषय मीच सुचवला. मोडलेले हाड एक्स-रेत दिसते, ताप थर्मामीटर सांगतो. पण पोट कायम फुगलेले, अंगात त्राण नाही, रात्रभर कूस बदलण्यात जाते, ही दुखणी माणसाने शब्दांत सांगितल्याशिवाय दुसऱ्याला कळतच नाहीत. आणि शब्दांचे काम तर तुमचेच आहे.

आपल्याकडे हे शब्द भरपूर आहेत. मळमळ वेगळी, जळजळ वेगळी. आंबट ढेकर आणि करपट ढेकर एक नव्हेत. मुरडा, कळ, गुरगुर, पोटात गोळा येणे, कोठा जड होणे, प्रत्येकाची जागा आणि वेळ निराळी. शीण, मरगळ, ग्लानी, गळून जाणे यांतही फरक आहे. मयेतली म्हातारी माणसे तर कोंकणीत 'आंगांत बळ ना', 'न्हीद पडना' एवढ्यावर सगळे सांगून मोकळी होतात. आम्हा होमिओपॅथीच्या विद्यार्थ्यांना पहिल्यापासून शिकवतात की रुग्णाची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, मध्ये तोडू नका. होमिओपॅथीच्या गोळ्यांवरून वाद आहेत, ते आज बाजूला ठेवू. ऐकण्याची ही शिस्त मात्र कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरला उपयोगी पडेल.

हल्ली चित्र असे दिसते. पस्तीस-चाळिशीची एखादी बाई रिपोर्टांची जाड फाईल घेऊन येते. रक्त, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळे नॉर्मल. घरात आनंद व्हायला हवा, होते उलटेच. नवरा म्हणतो, काही नाही ना, मग कण्हतेस का? सासू म्हणते, कामाचा कंटाळा. दुखणे तसेच राहते, वर खोटे बोलल्याचा शिक्का बसतो. माझ्या अनुभवात पोटापेक्षा या शिक्क्यानेच माणसे अधिक खचतात.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ नीट समजून घेऊ. आतड्यात जखम, गाठ किंवा सूज सापडली नाही, एवढाच तो अर्थ. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत आणि मेंदूशी त्यांचे सतत दळणवळण चालते. शरीरातले सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते. या चेता अतिसंवेदनशील झाल्या की इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू या माणसाला कळ होऊन जाणवतो. ते दुर्बिणीत दिसत नाही. याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. पुष्कळदा एखाद्या जोरदार जुलाबाच्या आजारानंतर तो सुरू होतो. वैद्यकाने त्याच्या खुणा ठरवल्या आहेत: गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी, तिचा शौचाशी संबंध, आणि शौचाच्या वेळांत किंवा स्वरूपात बदल. म्हणजे निदान मुख्यतः हकिकतीवरच होते.

थकव्याचेही तसेच. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा शीण, झोपूनही न मिळणारी ताजेपणाची भावना, आणि थोडे जास्त काम केले की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरणे, या लक्षणांचा एक स्वतंत्र आजार आहे. 2015 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने तो शारीरिक आजार असल्याचे स्पष्ट म्हटले. अशा माणसाला 'जरा फिरून ये, बरे वाटेल' असे सांगणे कधी कधी त्रास वाढवणारे ठरते.

आता दोन माणसांची गोष्ट सांगतो. पहिली आपल्या घरची, डॉक्टर आनंदीबाई जोशी. अमेरिकेला जाण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपुरात असतानाच त्यांना सतत डोकेदुखी, अशक्तपणा आणि अधूनमधून ताप होता. थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. गुण आला नाही. तशा अवस्थेत 1883 साली ही अठरा वर्षांची मुलगी बोटीत बसली आणि 1886 साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर झाली. पुढे निदान झाले ते क्षयाचे. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. क्षयाचा जंतू कॉखने 1882 सालीच जाहीर केला होता. त्यावरचे पहिले प्रभावी औषध यायला मात्र साठ वर्षे लागली.

दुसरा माणूस चार्ल्स डार्विन. बोटीवरून जग फिरून आल्यावर उरलेले सगळे आयुष्य त्याला वायू, उलट्या, थकवा आणि निद्रानाश यांनी छळले. 1849 ते 1855 या काळात तो प्रकृतीची रोजनिशी ठेवत असे. डॉक्टर गली यांच्याकडे त्याने थंड पाण्याचे उपचार घेतले. गली होमिओपॅथीच्या गोळ्याही देत. डार्विन त्या निमूटपणे घेई, पण विश्वास काडीचाही ठेवत नसे. माझ्या व्यवसायबंधूंनी हे खिलाडूपणे घ्यावे. 1859 च्या नोव्हेंबरात त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ बाहेर आला तेव्हाही तो पाण्याच्या उपचारांसाठी घराबाहेरच होता. त्याला नेमके काय झाले होते यावर आजही एकमत नाही. तरी तो त्र्याहत्तर वर्षे जगला. सकाळी दीड तास काम, मग कोचावर पडून बायकोकडून पत्रे किंवा कादंबरी ऐकणे, पुन्हा दीड तास काम. मुख्य लेखन एवढ्यात उरकायचे.

या दोघांना शेजारी ठेवण्याचे कारण आहे. शीण हे मोठ्या आजाराचे पहिले पाऊल असू शकते, म्हणून तपासणी आधी करा. वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त किंवा काळे शौच, गिळताना अडकणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, सततचा बारीक ताप, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, यांपैकी काही असेल तर माझ्याकडे न थांबता डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात किंवा बांबोळीला गोमेकॉत जा. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह आणि घोरताना श्वास अडणे हेही पाहून घ्या. हे सगळे पाहून झाले, काही सापडले नाही, तर डार्विनची वाट धरा: उरलेल्या बळाचा हिशेब ठेवून जगायचे.

हिशेबासाठी एक वही करा. दोन आठवडे रोज तीन गोष्टी लिहा: काय आणि कधी खाल्ले, पोटाने काय केले, झोप कशी लागली. तुमचा शत्रू तुम्हालाच सापडेल. कुणाला आळसांदे, कुणाला कांदा-लसूण, कुणाला दूध, कुणाला पाव, कुणाला मूठमूठ खाल्लेले काजूगर. सगळेच एकदम सोडू नका, माणूस कुपोषित होतो. एकेक बंद करून पाहा, आणि फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा. उकड्या तांदळाची पेज ही आपल्या पूर्वजांची देणगी बहुतेक पोटांना मानवते.

दुसरे, वेळ. आतड्याला स्वतःचे घड्याळ आहे. जाग आल्यावर आणि न्याहारीनंतर ते हालते, रात्री मंदावते. खाणींवर रात्रपाळी केलेल्या माणसांचे आणि पेडण्याकडे रात्रभर दशावतार उभा करणाऱ्या कलावंतांचे पोट का बिघडते, याचे उत्तर यात आहे. आम्हा जैनांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवायची रीत आहे आणि दोन घास कमी खाण्याला ऊनोदरी म्हणतात. त्यामागचा विचार अहिंसेचा आणि संयमाचा. पण जळजळ होणाऱ्याने निजण्याआधी तीन तास जेवावे, हे आजचे वैद्यकही सांगते.

तिसरे, झोप. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवा. सकाळचे ऊन डोळ्यांना लागू द्या. दुपारनंतर चहा नको. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळू नका, उठून बसा, पेंग आली की परत जा. झोपेच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दुकानातून आणून वर्षानुवर्षे घेऊ नका. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकच्या हप्त्यांनी या तालुक्यातल्या किती घरांची झोप नेली हे तुम्ही पाहिलेच आहे. काळजी पोटात उतरते ही नुसती म्हण नव्हे. मनावरचा ताण आतड्याची चाल खरोखरच बदलतो. तेव्हा काळजीविषयी बोलणे हाही औषधाचाच भाग आहे, आणि मानसतज्ज्ञाकडे गेल्याने दुखणे खोटे ठरत नाही.

इथे लिहिणारी, वाचणारी माणसे बसली आहेत. घरात कुणी म्हणाले, बरे वाटत नाही, तर लगेच उपाय सांगू नका, रिपोर्टही दाखवू नका. कुठे, कधीपासून, कसे, एवढे विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत गप्प राहा. दुखणे त्याने लगेच जाणार नाही, पण ते सोसणारा माणूस एकटा राहणार नाही. पुष्कळांना त्या रात्री झोप बरी लागते, हे मी पाहिले आहे.