नकार लेखी घ्या

(कार्यकर्त्यांच्या तालुका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अपंगांना मिळणारे सरकारी अनुदान आणि ते मिळविण्यासाठी घ्यावयाची वकिलाची मदत, हा विषय आपल्या अभ्यासवर्गात आजवर आला नव्हता. जमीन, मजुरी, रोजगार हमी, दुष्काळ यांवर आपण तासन् तास बोलतो. अपंग माणूस दारात आला की मात्र आपण एक चिठ्ठी लिहून देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. मीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. त्यात चूक काय होती, ती एका माणसाच्या हकिगतीवरून सांगतो. त्याचे नाव, गाव मुद्दाम घेत नाही.

मळणीयंत्रात उजव्या हाताची तीन बोटे गेलेला आणि मनगट आखडलेला असा हा शेतमजूर. सरकारी रुग्णालयातून त्याला अपंगत्वाचा दाखला मिळालेला होता. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तो तालुक्याच्या कचेरीत तीनदा गेला. पहिल्या खेपेस उत्पन्नाचा दाखला जुना झाला म्हणून त्याला परत पाठविले. दुसऱ्या खेपेस पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा अपुरा ठरला. तिसऱ्या खेपेस, ‘तुझा मुलगा कमावता आहे, तुझे बसत नाही,’ असे ऐकवले. दर खेपेस एस. टी. चे भाडे आणि बायकोची एका दिवसाची मजुरी बुडाली. कारण डाव्या हाताने कागद सांभाळत त्याला एकट्याला जाता येत नव्हते. मग तो माझ्याकडे आला. मी चिठ्ठी दिली. चौथ्या खेपेस त्याला बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि ‘पाहू’ असे उत्तर मिळाले. यात दीड वर्ष गेले.

अखेरीस आमच्यापैकी एकाने त्याला तालुका न्यायालयात विधी सेवा समितीच्या यादीवर काम करणाऱ्या एका तरुण वकील बाईंकडे नेले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “नकार कुठे आहे?” आम्हांला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, “नकाराचा कागद दाखवा. निदान अर्जाची पोच दाखवा.” यांपैकी काहीच आमच्याजवळ नव्हते. अर्ज दर खेपेस खिडकीतूनच परत दिला होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ह्या माणसाने कधी अर्ज केलाच नव्हता आणि त्याला कोणी कधी नाकारलेही नव्हते. मग अपील करावयाचे ते कशावर?

मित्रहो, आज माझे सांगणे मुख्यतः एवढ्यापुरतेच आहे. गरिबाला मिळणारा नकार बहुधा तोंडी असतो आणि त्यातच त्याचे सामर्थ्य असते. तोंडी नकाराला तारीख नसते, सही नसते, कारण नसते; कारण दर खेपेस बदलता येते. लेखी नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र एका कारणावर उभे राहावे लागते. १९७७ साली निवडणूक आयोगाच्या एका प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने हे तत्त्व स्पष्ट केले आहे. सार्वजनिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात नमूद केलेल्या कारणांवरच पारखला जाईल; मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घालून तो सावरता येणार नाही. आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवांसाठी अर्जाची पोच देणे, मुदत पाळणे आणि नाकारल्यास कारण लेखी कळविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ह्या सेवांचा फलक कचेरीत लावलेला असावा लागतो. तो कोठे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हते.

वकील बाईंनी सारी कागदपत्रे क्रमांक घालून जोडली, अर्ज नव्याने लिहिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतली. काही आठवड्यांनी उत्तर आले. त्यात उत्पन्नाचा उल्लेख नव्हता, रहिवासाचा नव्हता, मुलाचाही नव्हता. दाखल्यावर ३५ टक्के अपंगत्व आहे, ते ४० टक्क्यांहून कमी असल्याने अर्जदार अपात्र, एवढेच एक वाक्य होते. दीड वर्षात प्रथमच खरे कारण समजले. दाखल्यावरचा तो आकडा आम्ही सर्वांनी पाहिला होता आणि कोणीच वाचला नव्हता!

आता ह्या टक्क्यांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. १९९५ च्या कायद्याच्या जागी आलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के लागतात, आणि तेथे केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये आहे. पण हे टक्के कशाचे? ते अवयवाचे आहेत. पकड किती, संवेदना किती, सांधा किती वळतो, हे मोजून आकडा येतो. तो आकडा कारकुनाला आणि ऊसतोड मजुराला एकच. कारकून डाव्या हाताने शिक्का मारील. ऊसतोड मजूर डाव्या हाताने मोळी कशी बांधणार?

कामगारांच्या लढ्यामुळे नुकसानभरपाईच्या कायद्यात हा प्रश्न पूर्वीच निघाला होता. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याचा निकाल १९७६ च्या विधी-अहवालांत छापला आहे. एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याची कमाईची क्षमता पूर्णपणे गेली, हे न्यायालयाने मान्य केले. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात न्यायालयाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईचे नुकसान ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे सांगितले. अपघातात मालक किंवा विमा कंपनी पैसे देणार असेल, तर न्यायालय माणसाचा धंदा विचारते. शासन पैसे देणार असेल तेव्हा मात्र त्याचा धंदा कोणी विचारीत नाही. ही विसंगती आपल्या पक्षाने विधिमंडळात मांडण्याजोगी आहे.

आमच्या माणसाच्या बाबतीत वकील बाईंनी दाखल्याविरुद्ध अपील केले. कायद्याचे ५९ वे कलम त्यासाठीच आहे. पहिल्या तपासणीत गेलेली बोटे मोजली होती, परंतु मनगटाची हालचाल व हाताची संवेदना स्वतंत्रपणे नोंदली नव्हती, हे त्यांनी कागदावर दाखवून दिले. फेरतपासणीत आकडा ४५ टक्क्यांवर गेला आणि अनुदान मंजूर झाले. ह्या कामासाठी त्याला एक पैसाही फी पडली नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेले मोफत विधिसाहाय्याचे ३९-अ कलम आपण ऐकून असतो. त्याच्या आधारे झालेल्या १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळू शकतो. ही सेवा न्यायालयापुरतीच नाही; इतर प्राधिकरणांपुढील कामकाज आणि सल्लाही त्यात येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती नोंदवून घेण्याची सोय आहे.

खाजगी वकील अशा कामाला हात लावीत नाही, हे उघडच आहे. अमेरिकेत अपंगत्वाच्या दाव्यावर वकिलांचा मोठा धंदा चालतो. मिळालेल्या थकबाकीच्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्शापर्यंत, आणि तीही ठरलेल्या कमाल रकमेच्या आत, फी घेण्याची तेथे व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. पण तेथे नाकारलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे सुनावणी मिळते आणि जिंकल्यास मागील थकबाकीही मिळते, एवढे खरे. आपल्याकडे थकबाकीच मिळत नसेल तर तिचा चौथा हिस्सा कसला?

काही साथी म्हणतील, ही कोर्टकचेरी कशाला, मोर्चा काढा. मोर्चा काढलाच पाहिजे. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने अपंगांना इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य देण्याचे बंधन घातले आहे. त्याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पाचरही मारून ठेवली आहे. ती पाचर वकील काढू शकणार नाही, ते आपले काम. राज्याने २०२५ मध्ये अपंगांचे अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केले, तेही कोणा एका अर्जावर नव्हे. परंतु मोर्च्यात मागे बसलेल्या माणसाचा अर्ज खिडकीतून परत आलेला असतो, तेव्हा घोषणेने त्याला पोच मिळत नाही.

आणि चिठ्ठीविषयी स्पष्टच बोलतो. ह्या योजनेच्या तालुका समितीत पालकमंत्र्यांनी नेमलेली अशासकीय मंडळी असतात. तेथे आपली चिठ्ठी चालली तर उद्या दुसऱ्याची चालेल, आणि लाभार्थी दोघांच्याही दारात हात जोडून उभा राहील. संविधानाच्या ४१ व्या कलमात आजारपण व अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचा हक्क लिहिलेला आहे. तो न्यायालयातून थेट बजावता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आपणच त्याची खिरापत करावी काय?

आमच्या माणसाचे अनुदान मंजुरीनंतर सुरू झाले. आधीची सारी खेपाटी आणि अपिलातले महिने बुडाले. त्या काळाच्या रकमेसाठी केलेला अर्ज अजून प्रलंबित आहे. त्याची पोच आहे.

पुढील बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या गावातील अशा माणसांची यादी आणावी: दाखल्यावरचा आकडा, किती खेपा झाल्या, कोणत्या खेपेस काय सांगितले, आणि हातात कागद कोणता आहे. विधी सेवा समितीच्या कार्यालयात यादी घेऊन जाण्यासाठी दोघे जण लागतील. एक मी आहे.