काम कुणाचं, सही कुणाची?

(रत्नागिरी येथे झालेल्या बचतगट कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजच्या सत्राचं नाव पत्रिकेत 'उद्योग-प्रक्रियेच्या आकृत्या' असं छापलंय. नाव जड आहे, काम साधं आहे. गटाचा धंदा कसा चालतो ते कागदावर काढायचं आणि प्रत्येक कामापुढे माणूस दाखवायचं. कंपन्यांमध्ये हे नेहमी करतात. पोहण्याच्या शर्यतीत तलावात दोऱ्या बांधतात ना, तसे कागदावर आडवे पट्टे आखतात. एका पट्ट्यात एक भूमिका: खरेदी, उत्पादन, हिशेब. ज्याचं काम, त्याच्या पट्ट्यात चौकोन. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला, की काम या हातातून त्या हातात गेलं. आपल्याला तर शेतातले बांध आठवले तरी पुरे.

काल रात्री दोघीजणी मला म्हणाल्या, "ताई, हे मालकांचं तंत्र. आपल्याला कशाला?" शंका रास्त आहे. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोनं 1921 साली तिथल्या इंजिनिअरांच्या संस्थेपुढे कामाच्या टप्प्यांचे तक्ते मांडले. कामगाराची फुकट जाणारी हालचाल वाचवायची, हा त्यांचा हेतू. वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडणार, हे तक्ता सांगत नाही. पण याच लिलियनबाईंची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1914 साली व्यवस्थापनावरचं त्यांचं पुस्तक निघालं, तेव्हा त्यावर पूर्ण नाव आलं नाही, नुसती आद्याक्षरं आली. लेखिका बाई आहे हे प्रकाशकाला उघड करायचं नव्हतं. कुणाचं काम ते नीट दाखवा म्हणणाऱ्या बाईचंच नाव झाकलं गेलं! तेव्हा तंत्र कुणाचं यापेक्षा पेन कुणाच्या हातात आहे, हे मी आधी बघते.

आता आपला धंदा घेऊ. कोकम. 2016 साली 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' या नावानं त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सोलं, आगळ, अमृत कोकम, बियांचं मुठेल, यातलं बरंचसं काम बायकांच्या हातचं.

पहिला कागद सगळ्यात वरचा. त्यावर पाचच चौकोन: रातांबे आणणं, सोलं करणं, पॅकिंग, विक्री, पैशांचं वाटप. पट्टे तीन: गट, व्यापारी, बँक. 'सोलं करणं' हा चौकोन गटाच्या पट्ट्यात. दिसायला छान! बँकेचे साहेब आले की हा कागद दाखवायचा.

दुसऱ्या कागदावर हाच एक चौकोन उघडायचा. रातांबे धुणं, फोडणं, गर-बिया वेगळ्या करणं, मीठ घालून रस काढणं, साली त्या रसात भिजवून वाळवणं, परत भिजवणं, परत वाळवणं. इथं 'गट' हा एकच पट्टा पुरत नाही. मीठ आणते ती कोषाध्यक्ष, फोडणाऱ्या चौघी, पुटं देणाऱ्या दोघी. म्हणजे वर एका पट्ट्यात गेलेलं काम खाली तीन पट्ट्यांत पसरलं.

तिसऱ्या कागदावर नुसतं 'वाळवणं' उघडा. मला खरं बोलायचंय ते या कागदाबद्दल. अंगणात साली पसरल्या, त्या दिवसातून किती वेळा उलटायच्या? कोंबडी हाकायची कुणी? मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं की धावत जाऊन गोळा कोण करतं? एका गटाबरोबर हा कागद भरताना बायका आधी म्हणाल्या, "आम्ही सगळ्याच करतो." मी म्हटलं, तुम्ही तर तेव्हा फोडायला बसलेल्या असता. मग हळूहळू उत्तरं आली. सासूबाई. सुट्टीत घरी असलेली मुलगी. शेजारची विधवा जाऊ, तिला नंतर पावशेर सोलं देतात. यातली एकही गटाची सभासद नव्हती. वरच्या दोन्ही कागदांवर त्यांना पट्टाच नव्हता.

2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटांना सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवलं होतं. हिशेब सभासदांच्या डोक्यांवर. आभाळाकडे बघत बसलेली सासू त्या डोक्यांत मोजली गेली नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की तिसऱ्या कागदावर नवा पट्टा निघाला, तर तो वर न्यायचा. दुसऱ्यावर आखायचा, पहिल्यावरही आखायचा, नाव द्यायचं 'घरची माणसं, बिनमजुरी'. साहेबांचा कागद थोडा कुरूप होईल, होऊ दे. संगणकवाल्यांनी या आकृत्यांसाठी प्रमाण चिन्हं ठरवली आहेत, 'बीपीएमएन' म्हणतात. 2011 च्या दुसऱ्या आवृत्तीतही पट्ट्याचा अर्थ काय घ्यायचा, हे आकृती काढणाऱ्यावरच सोडलेलं आहे. तेव्हा अशा पट्ट्याला नियमाची आडकाठी नाही.

पट्ट्यानं एवढंच कळतं, की काम कुठे होतं. जबाबदारी निराळी. कंपनीवाले चार इंग्रजी अक्षरं लिहितात, आपण मराठीत म्हणू: करणारी, जाब देणारी, विचारायची, कळवायची. करणाऱ्या कितीही असोत. जाब देणारी एका चौकोनाला एकच.

इथं पुष्कळजणी अडखळतात. आपण समानतेनं काम करतो, मग एकीचं नाव का? पण मी एक प्रसंग पाहिलाय. एका गटाच्या सोलांना बुरशी आली. खर्च वाचवायचा म्हणून मीठ कमी घ्यायचं, असं बैठकीत ठरलं होतं. ठरवलं सगळ्यांनी, आणि बोल लागला वाळवणाऱ्या दोघींना. त्या दोघी गटातल्या सगळ्यात गरीब. 'सगळ्यांची जबाबदारी' म्हटलं, की माल बिघडल्यावर ती घरंगळत खाली जाते, आणि शाबासकीच्या वेळी वर चढते. मिठाच्या चौकोनावर कोषाध्यक्षेचं नाव असतं, तर निदान प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला असता.

उलटही होतं. पाकिटावर अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक छापावा लागतो आणि तो कुणाच्या तरी नावावर असतो. कित्येक ठिकाणी अध्यक्षबाईंच्या. उद्या तक्रार आली तर नोटीस त्यांना येणार. पण हा माल बाजारात जाऊ नये, असं म्हणायचा अधिकार त्यांना आहे का? भाव ठरवतो व्यापारी, टेम्पो ठरवतात यजमान, बाईंची फक्त सही. कोकणातल्या बायकांना हे नवं नाही. पुरुष मुंबईला गिरणीत, शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं बाईवर, आणि सातबारा दीर-सासऱ्यांच्या नावावर. 2011 च्या जनगणनेतही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका होत्या. आकृतीत म्हणूनच जिथं जाब देणारीचं नाव लिहाल, तिथं 'थांबवू शकते का?' हे शेजारी लिहा. हो किंवा नाही. 'नाही' असेल तर पुढच्या मासिक बैठकीचा पहिला विषय तोच.

पुरुषांनाही पट्टा द्या बरं. यजमान टेम्पो चालवतात तर ते लिहा, नाही तर आपणही तेच केलं जे आपल्याशी झालं.

शेवटची एक सूचना. पट्ट्याला भूमिकेचं नाव शाईनं लिहा, माणसाचं पेन्सिलीनं. माणसं बदलतात, काम राहतं. आणि मग पेन्सिलीची नावं मोजा. त्या बुरशीवाल्या गटात एकाच बाईचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या कागदावर मिळून नऊ ठिकाणी आलं, पहिल्या कागदावर एकदाही नाही. ती स्वतः बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोन चौकोन दुसरीला द्या, आणि एक सही मला द्या." पुढच्या वर्षी बँकेत सचिव म्हणून तिची सही लागली.

जेवणानंतर गटागटानं बसू. पिवळा कागद आणि पट्ट्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. तिसरा कागद मात्र इथं पुरा करू नका, घरी न्या. साल किती वाळली की पुढचं पूट द्यायचं, ते सासूबाईंना विचारल्याशिवाय तुम्हाला लिहिताच येणार नाही.