रानाचा आवाज कोणी टिपायचा?



पावशा ओरडू लागला की आमचा शेतकरी म्हणतो, ‘पेर्ते व्हा’ असा निरोप आला. रानाचे ऐकून काही ताडण्याची विद्या आपल्याला नवी नाही. नवे एवढेच, की तो आवाज आता टिपून नकाशावर मांडता येतो.

पक्ष्याच्या गाण्याचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालचे. जर्मनीतील लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने ते मेणाच्या नळकांड्यावर केले. पक्षी कोणता? पिंजऱ्यातला शामा, आपल्या सह्याद्रीतही गाणारा! म्हणजे या विद्येचा श्रीगणेशा कोणा पंडिताने नव्हे, एका हौशी पोराने केला.

पण या खटाटोपाचा उपयोग काय? अमेरिकेच्या सिएरा नेव्हाडा पर्वतातील लिंकन मेडो येथे बर्नी क्राउस यांनी १९८८ मध्ये पहाटेचा कलरव मुद्रित केला. नंतर तेथे निवडक वृक्षतोड झाली. वर्षाने ते परतले, तेव्हा डोळ्यांना रान जसेच्या तसे दिसत होते. कानांना मात्र ओढ्याची खळखळ आणि एखाद्या सुतारपक्ष्याची टकटक, एवढेच उरले होते. छायाचित्राने लपविलेली हानी आवाजाने उघडी केली. परंतु आधीचे मुद्रण हाती नसते, तर तुलना कशाशी करणार?

येथेच आपले काम सुरू होते. तज्ज्ञ मूठभर, राने असंख्य. २००५ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘झेनो-कँटो’ या संग्रहात जगभरच्या हौशी माणसांनी लक्षावधी मुद्रणे स्थळ-काळासह जमा केली आहेत. त्यांत भारतातलीही आहेत. कोणी म्हणेल, सामान्यांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा? मूळ आवाजच जपलेला असतो, तेव्हा चुकलेले नाव जाणकार उद्या सुधारतील. न केलेले मुद्रण मात्र कोणालाच सुधारता येणार नाही.

साधने तर आपल्या खिशातच आहेत. गावाबाहेरची एक टेकडी किंवा ओढा निवडावा. आठवड्यातून एकदा, सूर्योदयाच्या वेळी, त्याच जागी मोबाईलवर दहा मिनिटे मुद्रण करावे. ठिकाण, तारीख, वेळ नोंदवावी. मध्ये मालमोटारीचा भोंगा आला तर तो कापू नये. तोही पुरावाच आहे. विणीच्या दिवसांत मात्र मुद्रित आवाज ऐकवून पक्ष्यांना भुलवू नये.

आज जे फुकट ऐकू येते, ते नातवंडांना ऐकू येईलच असे नाही. ते येईनासे झाले, तर केव्हापासून, एवढे तरी त्यांना सांगता यावे. यासाठी उद्याची पहाट आपण सारे मिळून ऐकू या.