वडिलांचे पोरखेळ

चाळिशी ओलांडलेला, नोकरीपेशांत स्थिरावलेला एखादा गृहस्थ घरीं जमिनीवर बसून शिशाचे शिपाई मांडतांना दिसला, किंवा जेवणें आटोपल्यावर मंगळावरील प्राण्यांच्या कथेंत गढून गेलेला आढळला, तर आपण त्याच्याविषयीं काय म्हणतों ? "मुलांचे बाप झाले, तरी पोरपणा गेला नाहीं !" हेंच ना ? अशा नादी वडिलांची बाजू आज मी आपल्यापुढें मांडणार आहें. वकीलपत्र घेतलेंच आहे, तेव्हां साक्षीदारहि बडेच बोलावतों.

पहिले साक्षीदार इंग्रज ग्रंथकार एच्. जी. वेल्स. कालयंत्रांत बसून भविष्यांत जाणाऱ्या माणसाची कथा त्यांनीं १८९५ सालीं लिहून प्रसिद्ध केली, आणि १८९८ सालीं मंगळावरील प्राण्यांची स्वारी पृथ्वीवर आणली. असा हा कल्पनेचा धनी घरीं काय करीत असे ? १९११ सालीं त्यांनीं 'फ्लोअर गेम्स', म्हणजे जमिनीवरचे खेळ, या नांवाचें एक लहानसें पुस्तक काढलें. त्या सुमारास त्यांचे दोघे मुलगे आठदहा वर्षांचे होते. लांकडी विटा, फळ्या, शिशाचीं माणसें घेऊन हे बापलेक जमिनीवर बेटें वसवीत, शहरें उभारीत आणि त्या शहरांचा कारभारहि पाहात.

दोन वर्षांनीं, १९१३ सालीं, 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तक आलें. त्यांत शिपायांच्या लढाईचे रीतसर नियम आहेत. पायदळानें एका खेळींत एक फूट सरकावें, घोडदळानें दोन फूट. खेळी ठराविक मिनिटांत संपवावी. आणि स्प्रिंगच्या तोफेंतून लांकडाची कांडी उडवून शत्रूचे शिपाई पाडावे. मुलांना लढाई शिकविण्यांत मोठेपणा कसला, असें आपण विचाराल. परंतु पुस्तकाच्या अखेरीस वेल्स यांनीं काढलेलें अनुमान नेमकें उलट आहे. हा खेळ तीनचार वेळां खेळून पाहा, म्हणजे खरें युद्ध हें केवढें घोडचुकांचें प्रकरण असलें पाहिजे तें ध्यानांत येईल, असा त्यांचा अभिप्राय आहे. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. शिशाचे शिपाई पेटींत जातात आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा उभे राहतात. हाडामांसाच्या शिपायांना ती सोय नाहीं.

अशा शिपायांच्या खेळाचा नाद पुढें अमेरिकेंतहि रुजला. विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स नांवाचे गृहस्थ राहत. विम्याच्या कचेरींतील नोकरी सुटलेली, पदरीं मुलेंबाळें, पोटासाठीं जोडे दुरुस्त करण्याचें काम; आणि नाद मात्र लढायांचा ! १९७२ च्या अखेरीस डेव्ह आर्नेसन यांनीं त्यांना एक नवा प्रकार दाखविला : खेळाडूनें सैन्य हलविण्याऐवजीं एकाच पात्राची भूमिका घ्यावयाची. गायगॅक्स यांनीं लगोलग एका काल्पनिक किल्ल्याखालचीं भुयारें आंखलीं, आणि त्यांत प्रथम उतरलीं तीं त्यांचींच मुलें, एक मुलगा व एक मुलगी. १९७४ सालीं हा खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें, पेटींत तीन पुस्तिका घालून, विक्रीस आला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या.

या खेळांत एकजण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. समोर बंद दार आहे, आंतून गुरगुर ऐकूं येते, तुम्ही काय करतां, असें सूत्रधार विचारतो. खेळाडू आपला बेत सांगतात, आणि तो तडीस गेला कीं नाहीं हें पुष्कळदां फाशावर ठरतें. हा फासा सोंगट्यांच्या खेळांतला नव्हे, वीस अंगांचा. येथें एकानें जिंकावें व दुसऱ्यानें हरावें असें नसतें. सारे मिळून तरतात किंवा बुडतात.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं पालकांनीं या खेळावर सैतानपूजेचा आरोप ठेवला. आरोप निराधार होता. पण त्यामागची भीति समजण्याजोगी आहे. आपलें मूल दाराआड काय बोलतें हें ठाऊक नसलें, म्हणजे आईबापांच्या मनांत नाना शंका येतात. जेथें सूत्रधार बापच असेल, तेथें ती भीति शिरणार कोठून ?

तिसरी साक्ष आपल्याच माणसाची. काशीस गणिताचे प्राध्यापक असलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांच्या घरीं भिंतीवर मुलांसाठीं फळे लावलेले होते. घरीं राहणारे मामा त्यांपैकीं एकावर भाच्यासाठीं आव्हान म्हणून गणित लिहून ठेवीत, आणि तें सुटेपर्यंत पुसलें जात नसे. तो भाचा, म्हणजे जयंत नारळीकर, पुढें विख्यात शास्त्रज्ञ झाला; आणि १९७४ सालींच मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें त्यानें पाठविलेल्या 'कृष्णविवर' या विज्ञानकथेस पहिलें पारितोषिक मिळालें.

या तिन्ही घरांत मला एकच गोष्ट दिसते. इतर वेळीं वडील माणसें आज्ञा करतात व मुलें ती पाळतात. खेळांत मात्र नियम दोघांनाहि सारखाच. फासा बापाचें वय पाहत नाहीं, आणि गणित मामाची भीड धरीत नाहीं. मोठ्या माणसाला हरतांना पाहणें, आणि हरूनहि तो हसतो हें पाहणें, हें शिक्षण शाळेंत क्वचितच मिळतें.

वेल्स हे आदर्श कुटुंबप्रमुख होते असें मात्र कोणीं समजूं नये. ते बराच काळ घराबाहेर असत, आणि पतिधर्माला तर ते खचितच जागले नाहींत. नादानें माणूस निर्दोष होत नाहीं. शिवाय दार लावून एकट्यानेंच जोपासलेला छंद हा घराचा वेळ चोरतो, ही पत्नीची तक्रार पुष्कळदां रास्त असते. म्हणून नाद सोडा असें माझें म्हणणें नाहीं. दार उघडें ठेवा, इतकेंच.

वेल्स यांचा थोरला मुलगा पुढें प्राणिशास्त्रज्ञ झाला. वडील, ज्यूलियन हक्स्ली आणि तो अशा तिघांनीं मिळून लिहिलेला 'दि सायन्स ऑफ लाइफ' हा जीवशास्त्राचा ग्रंथ १९२९-३० मध्यें प्रसिद्ध झाला. जमिनीवर बेटें वसविणारे बापलेक वीस वर्षांनीं एका ग्रंथाचे सहकर्ते झाले ! तेव्हां आज रात्रीं आपल्या घरीं कोणी प्रौढ गृहस्थ जमिनीवर पसारा मांडून बसलेले दिसले, तर त्यांना हसण्यापूर्वीं शेजारीं एखादें मूल बसलें आहे कीं नाहीं तें पाहावें, एवढी विनंति करून मी आपला निरोप घेतों.