बोगद्यातली लोखंडी धूळ



भुयारी रेल्वे विजेवर धावते, तिला धूर नाही. म्हणून तिची हवा स्वच्छच असणार, असं आपण धरून चालतो. पण पोलादी चाक पोलादी रुळावर धावतं, वळणावर घासतं, ब्रेक लागला की पॅड झिजतं. प्रत्येक वेळी धातूचा अतिसूक्ष्म भुगा सुटतो. उघड्यावर तो वाऱ्याने पांगतो. बोगद्यात मात्र खाली बसतो आणि पुढची गाडी हवा ढकलत आली की पुन्हा उडतो.

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ पासूनची, आणि तिथल्या धुळीचा अभ्यासही बराच झाला आहे. हॅम्पस्टेड हे तिथलं सर्वांत खोल स्टेशन, सुमारे ५८ मीटर खाली. तिथल्या हवेत २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण दर घनमीटरला सरासरी ४९२ मायक्रोग्रॅम आढळले. जागतिक आरोग्य संघटना चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवते. या धुळीचा जवळपास निम्मा भाग लोखंडाचं ऑक्साइड आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०२२ साली तिच्यात अवघ्या ५ नॅनोमीटरचे कणही सापडले.

एवढा बारीक कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतो. लोखंडाची धूळ छातीत साचली की काय होतं, हे वेल्डिंग करणाऱ्यांकडून वैद्यकाला ठाऊक आहे. त्यांच्या एक्स-रेत ते लोखंड दिसतं. त्या अवस्थेला सिडेरोसिस म्हणतात. त्यांना न्यूमोनियाचा धोकाही जास्त असतो, म्हणून ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी न्यूमोकॉकस लशीची शिफारस आहे. भुयारी धुळीबद्दलचं चित्र अजून पूर्ण नाही. स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत भुयारातल्या कणांनी फुप्फुसाच्या पेशींतल्या डीएनएला रस्त्यावरच्या कणांपेक्षा कितीतरी जास्त इजा केली. पण तिथल्या मेट्रोचालकांच्या पाहणीत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसले नाहीत. पुरावा अपुरा असेल, तर काळजी जास्त घ्यायला हवी.

इथे मला सर्वांत जास्त खटकते ती मोजपट्टी. ज्या धुळीसाठी वेगळा नियम नाही, ती फुप्फुसात खोल जाणारी असली तरी ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी दर घनमीटरला ४ मिलिग्रॅमपर्यंत चालते, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. हा नियम धडधाकट माणसाच्या आठ तासांच्या पाळीसाठी आहे आणि मोजण्याची पद्धतही थोडी वेगळी आहे, हे मान्य. तरीही १५ आणि ४००० यांतलं अंतर फार मोठं आहे. शिवाय ही मोजणी वजनाने होते, आणि सर्वांत बारीक कणांचं वजन जवळजवळ नसतंच. कागदावर सगळं नियमात राहतं आणि कण छातीत जातच राहतात.

आता हा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मुंबईची मेट्रो ३ साडेतेहतीस किलोमीटरची, जवळपास सगळी जमिनीखालून जाणारी. तिच्या फलाटांवर काचेचे दरवाजे आहेत. ते प्रवाशाला बोगद्यातल्या धुळीपासून बरंच वाचवतात. पण रात्री गाड्या थांबल्यावर रूळ तपासणारा, बोल्ट आवळणारा, झाडलोट करणारा कामगार त्या दरवाजांच्या पलीकडे, बोगद्यातच असतो.

त्याच्यासाठी काय करावं? बोगद्यात कोरडा झाडू मारू नये. बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यावी. काम सुरू असताना पंखे चालू ठेवावेत. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही, हे माणसागणिक तपासावं. कॉलरला लावायच्या छोट्या यंत्राने प्रत्यक्ष त्याच्या श्वासातली धूळ मोजावी आणि ते आकडे त्याला सांगावेत. कामावर घेतानाच छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून होणारी श्वसनक्षमतेची चाचणी करावी, पुढे ठरावीक काळाने ती पुन्हा करावी. आणि हे सगळं कंत्राटी कामगारालाही मिळावं, कारण ठेकेदार बदलला की त्याची नोंद हरवते.

आपले बोगदे नवे आहेत. आज नोंदी सुरू केल्या, तर वीस वर्षांनी एखाद्या कामगाराला दम लागू लागल्यावर डॉक्टरांच्या हाती काही पुरावा असेल. नोंदी नसतील, तर तो आजार त्याचा एकट्याचा ठरेल. ही जबाबदारी मेट्रो चालवणाऱ्यांनी आणि सरकारने आत्ताच उचलावी, आणि आपण प्रवाशांनी ती मागणी लावून धरावी.