तडा, भेग, फट, शीर



कोरड्या बोअरमध्ये मोठ्या दाबाने पाणी सोडून त्याला पाझर आणण्याच्या पद्धतीला मराठीत 'जलभंजन' म्हणतात. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा असे काम करत आली आहे. शब्द भारदस्त आहे, पण मला खटकतो. 'भंजन' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, खाली दगडाचा चुराडा झाला आणि पाणी उसळले.

प्रत्यक्षात घडते ते वेगळे. बोअरमध्ये ठरावीक खोलीवर रबरी पॅकर फुगवतात आणि त्याखालच्या बंदिस्त भागात पंपाने पाणी कोंबतात. मीटरचा काटा चढत जातो आणि एकाएकी खाली येतो. म्हणजे कुठेतरी वाट झाली. खडक ज्या दिशेने सर्वांत कमी आवळलेला, त्या दिशेला तो उघडतो. तडा तिच्याशी काटकोनात पसरतो. पण खडक अखंड क्वचितच असतो. त्यात जुन्या भेगा असतात, आणि खरी गोष्ट सुरू होते ती नवा तडा त्यांना भेटतो तेव्हा.

तडा भेगेला जवळपास काटकोनात भेटला, दोन दिशांच्या दाबांत मोठा फरक असला आणि भेगेच्या बाजू एकमेकींना घट्ट धरून असल्या, तर तो पलीकडे जातो. तिरका भेटला तर पाणी बहुधा भेगेतच वळते. कधी तिथेच मुरते, दाब पडतो आणि तडा थांबतो. कधी भेगेच्या बाजू जराशा सरकतात. खडबडीत पृष्ठभाग मग पूर्वीसारखे जुळत नाहीत आणि पंप बंद झाल्यावरही वाट उघडी राहते. बोअरवाल्याला हवे असते ते हेच.

आमच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची खाण आहे. तिथल्या ग्रॅनाइटच्या भेगांत अतिप्राचीन काळी खनिजे विरघळलेले तप्त पाणी शिरले आणि गारगोटीच्या शिरा व तांब्याचे खनिज मागे ठेवून गेले. अशी भरून आलेली भेग पाण्याला वाट देईलच असे नाही.

म्हणून या सगळ्यांना एकाच 'विभंगा'त कोंबू नये. मडक्याला तडा जातो, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, दाराच्या फटीतून वारा येतो. नव्याला तडा म्हणा, जुनीला भेग, पाणी वाहील इतकी उघडी ती फट, भरून आलेली ती शीर. (कोशकार मित्र रागावतील, रागावू देत.)

बोअरसाठी कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला कोणी सांगतो, "भंजन करू, पाणी लागेलच." दाबाने पाणी निर्माण होत नाही. आसपास पाणी धरून असलेली भेगच नसेल, तर तडा कितीही लांब गेला तरी कोरडाच. पैसे मोजण्याआधी त्याला एवढे विचारता आले पाहिजे: शेजारच्या विहिरीला झरा कोणत्या अंगाने आहे, किती खोलीवर आहे, आणि उन्हाळ्यात तो कधी आटतो?